घरच्या कोंबड्यांत नव्या जातीची पिल्लं मिसळताना

आमच्या दारात गावठी कोंबड्या सासूबाईंच्या सासूबाईंपासून आहेत. संगमेश्वर तालुक्यातलं घर, मागे परस, परसाला लागून काजू आणि बांबूची बेटं. अशा घरात नवी जात आणायची हौस कधी ना कधी होतेच. कुणी शेजाऱ्याचा तीन किलोचा गिरिराज कोंबडा बघतं, कुणाला कडकनाथ हवा असतो, कुणाला नुसती अंडी वाढवायची असतात.

मला सात वर्षांपूर्वी ही हौस झाली. श्रावण संपता संपता दारावर आलेल्या टेम्पोतून महिन्याभराची बारा गिरिराज पिल्लं घेतली आणि त्याच संध्याकाळी जुन्या खुराड्यात सोडली. नवव्या दिवशी आमची सगळ्यात जुनी कोंबडी मान पाठीवर टाकून जागच्या जागी गोल फिरायला लागली. हिरवट हगवण, उघडी चोच, घरघर. सासूबाई बघताच म्हणाल्या, "मानमोडी आली गो, आता काय राहात नाय." पंधरा दिवसांत चौदा जुन्या कोंबड्यांतल्या अकरा गेल्या. पिल्लांना लस झाली होती का, हे मी विचारलं नव्हतं. जुन्यांनाही मी कधी लस दिलेली नव्हती.

मानमोडीला सगळीकडे राणीखेत म्हणतात, ते उत्तराखंडातल्या राणीखेतवरून. आपल्या देशात हा रोग पहिल्यांदा नोंदला गेला तो तिथे. एकदा लागला की त्यावर औषध नाही, जे काही आहे ते लसच. तेव्हापासून आमच्याकडे एकच नियम आहे. नवं पिल्लू दारात येण्याआधी दोन गोष्टी तयार पाहिजेत. जुन्यांना लस झालेली आणि नव्यांसाठी वेगळी जागा. खाली जे सांगते आहे ते सगळं याच दोन गोष्टींभोवती आहे.

आधी जात ठरवा

"चांगली जात कुठली?" असं विचारू नका. तुम्हाला तिच्याकडून काय हवं ते ठरवा.

गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झाली आणि वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयात. दोन्ही रंगीबेरंगी, दिसायला गावठीच्या जवळच्या, पण अंगाने भारी आणि लवकर वाढणाऱ्या. मांसासाठी आणि बऱ्यापैकी अंड्यांसाठी ठीक. ग्रामप्रिया हैदराबादचीच, पण अंड्यांकडे झुकलेली. आर.आय.आर., म्हणजे ऱ्होड आयलंड रेड, तांबूस तपकिरी अंगाची, तपकिरी अंड्यांची, शांत. ब्लॅक ऑस्ट्रलॉर्प काळी कुळकुळीत, ऊन पडलं की पिसांवर हिरवी चमक येते. ऑस्ट्रेलियात 1922-23 मध्ये या जातीच्या सहा कोंबड्यांनी 365 दिवसांत 1857 अंडी दिली होती. हा आकडा वाचून कुणी भुलू नये. नुसत्या कणीवर आणि परसातल्या किड्यांवर कुठलीच कोंबडी तेवढी अंडी देणार नाही.

कडकनाथबद्दल लोकांच्या मनात फार गैरसमज आहेत. ही मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातली जात, भिल्ल-भिलाल्यांनी पाळलेली. 2018 मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं. पीस, कातडी, मांस, हाडांवरचं आवरण सगळं काळं, पण अंडं काळं नसतं. फिकट तपकिरी, दुधाळ रंगाचं असतं. काळं अंडं म्हणून कुणी विकत असेल तर घेऊ नका. वाढ सावकाश, अंडी वर्षाला साधारण शंभराच्या आसपास, आणि खुडूक होण्याचं, म्हणजे अंडी उबवायला बसण्याचं, प्रमाण कमी.

असील मी नवख्या माणसाला सुचवत नाही. देखणी आणि काटक जात आहे, माद्या पिल्लं सांभाळायला उत्तम, पण कोंबडे झुंजीचे. दुसऱ्या कोंबड्याबरोबर एका परसात नांदत नाहीत.

अजून एक गोष्ट पिल्लं घेण्याआधीच ठाऊक असावी. गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया या संकरातून आलेल्या कोंबड्या आहेत. त्यांची अंडी घरी उबवली तर पुढची पिल्लं तशीच निघतील असं धरून चालू नका. शिवाय या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. म्हणजे दर वेळी पिल्लं विकत आणायची, नाहीतर उबवायला गावठी कोंबडी ठेवायची. म्हणून गावठी काढून टाकू नका. तीच तुमची दाई आहे.

अंगाचा रंगही बघा. आमच्याकडे घार, मुंगूस आणि बोका तिघेही आहेत. पांढरी आणि जड कोंबडी आधी जाते. मातकट, ठिपकेदार कोंबडी पालापाचोळ्यात मिसळून जाते आणि हलकी असेल तर उडून फांदीवर बसते.

कधी आणायची

कोकणात दसऱ्यानंतर. पाऊस सरलेला असतो, जमीन सुकलेली असते. जून-जुलैत पिल्लं आणली की त्यांच्याखालची तुसाची गादी ओलसर राहते आणि रक्ती हगवण लागते. एप्रिल-मेच्या उकाड्यात प्रवासातच पिल्लं दमतात. देशावर डिसेंबर-जानेवारीची थंडी कडक असते, तिथे ऊब द्यायचा खर्च वाढतो हे लक्षात घ्या.

जुन्या कोंबड्यांची तयारी

पिल्लं यायच्या निदान तीन आठवडे आधी जुन्या कोंबड्यांना मानमोडीची लस करून घ्या. कुठली लस ते जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, कारण ऐन अंड्यांवर असलेल्या कोंबड्यांना टोचायची लस दिली तर अंडी घटतात आणि तिथे डॉक्टर लासोटा, म्हणजे थेंबाने द्यायची मानमोडीची लस, सुचवतात. त्याच सुमारास जंताचं औषध द्या. एकेक कोंबडी रात्री हातात घेऊन पंखाखाली आणि शेपटीच्या बुडाशी पिसं फुंकरून उवा बघा. आम्ही चुलीची राख आणि कोरडी माती एका जुन्या टायरमध्ये भरून ठेवतो, कोंबड्या त्यात स्वतःच लोळतात.

वेगळी जागा म्हणजे खुराड्याचा दुसरा कप्पा नव्हे. हवा, विष्ठा, पाण्याचं भांडं, काहीच सामाईक नको. आमची पिल्लं पुढच्या पडवीत वाढतात आणि जुन्या कोंबड्या मागच्या परसात असतात. पडवीत जायच्या चपला वेगळ्या. सकाळी आधी पिल्लांचं करायचं, मग मोठ्यांचं. उलट केलं की हातापायांवरून रोग पिल्लांपर्यंत जातो. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. चपला बदलायला लागणारं अर्धं मिनिट त्यापुढे काहीच नाही.

पिल्लं कुठून घ्यावीत

पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुण्यात खडकीला, कोल्हापूरला, नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. मुंबईत आरे कॉलनीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संघटना आहे. आधी नोंदणी करावी लागते, थांबावं लागतं, पण पिल्लू कुठल्या जातीचं आहे ते नक्की कळतं. खासगी हॅचरीतून घेणार असाल तर दोन प्रश्न विचारा. अंड्यातून कधी निघालीत? आणि मॅरेक्स रोगाची लस पहिल्या दिवशी टोचली आहे का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे जा.

जत्रेत, बाजारात गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं विकतात ती घेऊ नका. ती बहुतेक अंड्यांच्या जातीची नर पिल्लं असतात. अंडी देणार नाहीत, मांसही धरणार नाहीत, आणि लस झालेली नसते.

एक दिवसाचं पिल्लू घेणं सगळ्यात सुरक्षित. अंड्यातून निघताना बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो, त्यावर ते दोन दिवस तग धरतं, म्हणून तर पिल्लं खोक्यातून एवढा प्रवास करू शकतात. हातात घेऊन बघा. बेंबी सुकलेली आणि मिटलेली, गुद्द्वाराशी चिकटा नाही, डोळे टपोरे, पाय सरळ. पाठीवर उलटं केलं की लगेच सुलटं झालं पाहिजे. आणि हिशेब धरा की न निवडता घेतलेल्या पिल्लांत निम्मे कोंबडे निघणार. कळपात आठ-दहा माद्यांना एक कोंबडा पुरतो. बाकीच्यांचं काय करायचं ते आजच ठरवा.

संख्या किती? पहिल्यांदाच करत असाल तर वीस-पंचवीस. एक किंवा दोन पिल्लं कधीही आणू नका. त्यांना एकमेकांची ऊब मिळत नाही, आणि मोठ्या कळपात सोडल्यावर सगळ्या कोंबड्या त्या दोघांवरच तुटून पडतात.

पहिले चार आठवडे

जमिनीवर दोन-तीन इंच भाताचं तूस पसरा. त्याभोवती पुठ्ठ्याची किंवा पत्र्याची दीड फूट उंचीची पट्टी गोल लावा, पंचवीस पिल्लांना चार फूट व्यासाचं रिंगण पुरतं. गोलच हवं. कोपरा असला की पिल्लं तिथे एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. पहिले तीन-चार दिवस तुसावर कागद टाका म्हणजे पिल्लं तूस खात नाहीत, पण गुळगुळीत कागद नको, पाय फाकतात. आम्ही सिमेंटच्या कागदी पिशव्या झटकून, पुसून, खरखरीत बाजू वर करून वापरतो.

उबेसाठी जुने पिवळे तारेचे बल्ब लागतात. एलईडीने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. ही चूक मी दोन घरांत पाहिली आहे, सगळी पिल्लं रात्रीत गारठली होती. पंचवीस पिल्लांना साठ वॅटचा एक बल्ब लावण्यापेक्षा चाळीसचे दोन लावा, एक उडाला तरी दुसरा असतो. पिल्लं यायच्या आधी तीन-चार तास बल्ब चालू करा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर 35 अंश सेल्सियस हवं, मग दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करत जायचं. बल्ब थोडा थोडा वर उचलला की तेवढं होतं. वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून आत ठेवा. पडवीत निखाऱ्याचं घमेलं ठेवू नका, धुरानेही पिल्लं मरतात आणि तूस पेटतं.

थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. रात्री दहाच्या सुमारास आवाज न करता जाऊन बघा. सगळी बल्बखाली गोळा होऊन मोठ्याने चिवचिवत असतील तर थंडी वाजते आहे. पट्टीला चिकटून, चोच उघडी टाकून, पंख सोडून बसली असतील तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसरीकडून वारा येतोय, तिथे गोणपाट लावा. रिंगणभर विखरून, कुणी लवंडलेलं, कुणी पाणी पितंय, मधूनच बारीक सुरात कुणी बोलतंय, असं दिसलं की निर्धास्त झोपा.

पिल्लं आली की आधी पाणी, मग खाणं. कोमट पाण्यात लिटरला दोन-तीन चमचे गूळ विरघळवा आणि प्रत्येक पिल्लाची चोच एकदा अलगद पाण्यात बुडवा. एकदा चव कळली की बाकीची बघून शिकतात. ताटलीत खडे टाका, नाहीतर पिल्लं पाण्यात भिजतात, आणि भिजलेलं पिल्लू गारठून जातं. गुळाचं पाणी पहिले काही तासच, नंतर साधं स्वच्छ. दोन तासांनी मक्याचा बारीक भरडा कागदावर पसरा आणि दुसऱ्या दिवसापासून स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं खाद्य, सुरू करा. त्या रात्री पाच-सहा पिल्लांच्या गळ्याखाली बोट लावून बघा. मऊ, भरलेली पिशवी लागली तर पिल्लू खातंय. रिकामी लागली तर त्याला वेगळं घेऊन पुन्हा पाणी पाजा.

मोठ्यांचं लेअर खाद्य पिल्लांना घालू नये. त्यात अंड्याच्या कवचासाठी चुना भरपूर असतो, तो पिल्लांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही.

दोन जाती एकत्र आणल्या असतील तर तिसऱ्या आठवड्यापासून आकाराने वेगळ्या करा. गिरिराजचं पिल्लू कडकनाथच्या दुपटीने वाढतं, खाद्याच्या भांड्यावर आडवं उभं राहतं आणि बारकी मागे पडतात. मध्ये एक जाळी टाकली तरी पुरे.

लसी

इथे मात्र तारखा भिंतीवर लिहून ठेवा. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा. चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास लासोटाचा दुसरा डोस. सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस, पंखाच्या पडद्यात. आठव्या आठवड्यात मानमोडीची आर-टू-बी, टोचून. आपल्या भागात काय चालतं ते दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून किंवा पशुधन पर्यवेक्षकांकडून ताडून घ्या.

लासोटाचा थेंब डोळ्यात टाकतात. पिल्लू मुठीत धरायचं, डोकं अंगठ्याने अलगद वळवायचं, एक थेंब सोडायचा आणि पापणी मिटून उघडेपर्यंत हलवायचं नाही. घाई केली की थेंब गालावरून ओघळतो आणि लस झाली असा तुमचा गैरसमज होतो. लस बर्फात आणायची, संध्याकाळी गार वेळी द्यायची आणि कालवल्यावर दोन तासांत संपवायची. कुपी निदान शंभर डोसांची येते आणि आपल्याकडे पिल्लं पंचवीस. म्हणून वाडीतल्या चार घरांनी एकाच दिवशी लस करावी. आम्ही तसंच करतो. खर्च वाटला जातो आणि रोगाला शेजारच्या घरातून यायला वाट राहत नाही.

खुडूक कोंबडीच्या पोटाखाली

बल्बची भानगड टाळायची असेल तर हा जुना मार्ग आहे. कोंबडी दोन-अडीच आठवडे अंड्यांवर चांगली बसलेली हवी. पिल्लं एक-दोन दिवसांचीच हवीत, मोठी झालेली ती स्वीकारत नाही. रात्री पूर्ण अंधारात, एक एक अंडं काढत त्या जागी एक एक पिल्लू पोटाखाली सरकवायचं. दहा-बारापेक्षा जास्त नकोत, पंखाखाली मावली पाहिजेत. सगळ्या रंगांची पिल्लं त्याच रात्री ठेवा. तपकिरी पिल्लं आठवडाभर सांभाळल्यावर मागाहून एखादं काळं कडकनाथचं ठेवलं तर कधी कधी ती त्याला टोचून हाकलते. पहाटे उजाडायच्या आधी जाऊन कान द्या. कोंबडी खालच्या आवाजात कुरकुरत असेल आणि पिल्लं तिला उत्तर देत असतील तर जमलं. चोचीचा टोला मारत असेल तर लगेच पिल्लं काढून बल्बखाली न्या. म्हणून एक बल्ब तयार ठेवाच.

अशी पिल्लं आईबरोबर मातीत फिरतात, त्यामुळे त्यांच्या लसीच्या तारखा चुकवून चालत नाही. आणि ती कोंबडीही बाकी कळपापासून वेगळी डालग्याखाली किंवा वेगळ्या कुंपणात हवी.

कळपात सोडणं

सगळ्यात जास्त घाई इथे होते. पिल्लं सहा आठवड्यांची झाली, पिसं आली, गोंडस दिसायला लागली की वाटतं आता सोडावीत. थांबा. आठव्या आठवड्यातली लस झाल्यावर अंगात ताकद यायला दोन आठवडे जातात. म्हणजे दहावा आठवडा. तोवर पिल्लं अंगानेही अशी होतात की मोठीने टोचलं तर पळून जाता येतं.

आठव्या आठवड्यापासून ओळख सुरू करा. परसातच जाळीचं कुंपण करून दिवसा पिल्लं आत, जुन्या बाहेर. दोन्हींचं खाद्य जाळीला लागून ठेवा, म्हणजे समोरासमोर खायची सवय होते. पहिले दोन दिवस जुन्या कोंबड्या मान फुगवून जाळीवर धावतात, चौथ्या-पाचव्या दिवशी लक्षही देत नाहीत. ते लक्ष न देणं हीच खूण आहे. दोन आठवडे असं गेलं की दुपारी तासभर मोकळ्या परसात एकत्र सोडा, तुम्ही तिथेच काम काढून बसा.

टोचाटोची होणारच. कोंबड्यांत कोण वर, कोण खाली हे ठरलेलं असतं आणि नवीन आल्यावर ते पुन्हा ठरतं. एक टोला, पिसं फुगवून पाठलाग, मग नवी वाकून बाजूला, एवढं चालू द्या. खाली पाडून डोक्यावर टोचत राहणं, रक्त काढणं, पाण्यावर जाऊच न देणं हे चालू द्यायचं नाही. रक्त दिसलं की बाकीच्याही त्याच जागी टोचायला लागतात. जखमी पाखरू ताबडतोब काढून खोबरेल तेलात हळद लावा. बरं झाल्यावर परत सोडताना एकटं सोडू नका, त्याच्या बरोबरीची दोन जोडीला द्या. आणि एकच कोंबडी दांडगाई करत असेल तर तिलाच चार दिवस डालग्याखाली ठेवा. परत येते तेव्हा तिची जागा कुणीतरी घेतलेली असते आणि ती नरमते.

कायमचं एकत्र करायचं ते संध्याकाळी, जुन्या दांडीवर चढून बसल्या की. नवीन एकेक उचलून शेजारी बसवा. खाद्याची भांडी दोनऐवजी तीन ठेवा, पाण्याची दोन, आणि एकमेकांपासून लांब. परसात एखादी फाटी, पालथं टोपलं, झाडाची फांदी टाका, म्हणजे लपायला आडोसा होतो. गिरिराज, वनराज जड असतात, उंच दांडीवरून उडी मारताना त्यांचे तळवे दुखावतात. त्यांच्यासाठी दीड फुटावर एक रुंद दांडी लावा.

कळप एकत्र झाल्यावर सगळ्यांना ग्रोअर, म्हणजे वाढत्या कोंबड्यांचं खाद्य, द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. अंड्यांवरची कोंबडी आपणहून खाते, तलंगा, म्हणजे अजून अंड्यांवर न आलेल्या, हात लावत नाहीत.

गावठीचं बी शुद्ध ठेवायचं असेल तर नवे कोंबडे आरवायला लागायच्या आत वेगळे करा. उशीर झाला असेल तर ते काढल्यावर तीन आठवडे उबवणीसाठी अंडी राखू नका, कारण कोंबडीच्या अंगात तेवढे दिवस जुन्या कोंबड्याचं बीज टिकतं. ती अंडी घरात खा. चौथ्या आठवड्यापासूनची टोपलीत साठवा आणि टोकदार बाजू खाली ठेवा, पुढची कोंबडी खुडूक होईपर्यंत. पण आठवड्यापेक्षा जुनं अंडं तिच्याखाली घालू नका.